अतिवाहक तार ‘नॉर्मल’ होते, हे मराठीत कसं लिहायचं?

अनुवादिनी
एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपणाऱ्या अतिवाहक (विजेला अजिबात रोध न करणाऱ्या) तारेवरचा लेख मराठीत करते आहे. नायोबियम नायट्राइडचा जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचा थर, त्यात कोरलेली साधारण १०० नॅनोमीटर रुंद नागमोडी तार. ती अतिवाहक होईपर्यंत थंड करायची आणि तिला झेपेल त्याच्या किंचित खाली प्रवाह सोडायचा. फोटॉन शोषला गेला की त्या जागच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फुटतात, रोध येतो आणि बाहेर व्होल्टेजचा ठोका मिळतो. मूळ लेखात याला तार ‘नॉर्मल’ झाली असं म्हटलंय. मी ‘तार क्षणभर सामान्य होते’ लिहिलं. मुद्रितशोधकांनी समासात विचारलं, ‘म्हणजे आधी बिघडली होती का?’ प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे रक्तदाब नॉर्मल होतो, वाहतूक नॉर्मल होते. काय लिहू?

खडूफळा
‘प्रसामान्य’ लिहा. संख्याशास्त्रात ‘प्रसामान्य वितरण’ रुळलंय, रोजच्या ‘नॉर्मल’शी गल्लत होत नाही. आणि ‘अतिवाहक’ का? विश्वकोशात ‘अतिसंवाहकता’ आहे.

माळरान
‘प्रसामान्य’ वाचून माझा दहावीतला भाचा पान उलटेल. मुलं सुवाहक-दुर्वाहक शिकतात, त्याच रांगेत ‘अतिवाहक’ सहज बसतो. ‘तार मूळपदावर येते’ असं लिहा, ताई. धातूचं मूळपद रोधाचंच. १९११ साली लायडनमध्ये कामरलिंग ओन्स यांनी पारा ४.२ केल्विनच्या आसपास नेला, तेव्हा कुठे रोध नाहीसा झालेला दिसला.

शीतघर
‘मूळपदावर’ नको. ठोका देऊन झाल्यावर काही नॅनोसेकंदांत तार परत थंड होऊन अतिवाहक होते, पुढच्या फोटॉनसाठी सज्ज. वाचकाला मूळपद म्हणजे तीच अवस्था वाटणार, म्हणजे अर्थ पुन्हा उलटा. आमच्याकडे सरळ ‘तार नॉर्मल गेली’ म्हणतात. लेखात नाम शोधत बसण्यापेक्षा क्रिया सांगा: ‘तारेत रोध उभा राहतो’.

सांगलीकर
एमआरआय केंद्रात काम केलंय. तिथल्या चुंबकाची अतिवाहकता गेली की ‘मॅग्नेट क्वेंच झाला’ म्हणतात, द्रव हेलियम उकळून बाहेर पडतो. त्यावरून ‘तार विझली’ चालेल का? फार नेमकं वाटतं मला.

शीतघर
कानाला गोड आहे, पण चुंबकात ती नको असलेली घटना. इथे तेवढ्यासाठीच सगळा खटाटोप. शिवाय प्रकाश पडल्यावर तार ‘विझते’ म्हणणं म्हणजे वाचकाला चकवाच.

खडूफळा
एका वाक्यापुरतं क्रियापदाने निभेल. ‘नॉर्मल अवस्था’ ही संज्ञा लेखभर आली तर? प्रत्येक वेळी ‘जिच्यात रोध उभा राहिला आहे अशी अवस्था’ लिहायचं? परिभाषा काटेकोरच हवी. ती सोपी करत गेलो तर मराठीत विज्ञान गोष्टींपुरतंच उरेल.

माळरान
आणि ती अवघड करत गेलो तर कोशापुरतं उरेल. ‘सरोध अवस्था’ म्हणा, तुमचंही समाधान आणि भाच्याचंही.

अनुवादिनी
‘सरोध’ आवडला, जरी ‘सक्रोध’च्या शेजारचा वाटला तरी. पण लेखाच्या पुढच्या भागात क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाची मूळ एककं, आहेत, तिथे दुसरी अडचण. २०२५चं भौतिकीचं नोबेल क्लार्क, दव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं, बर्कलीत १९८४-८५ मध्ये केलेल्या प्रयोगांसाठी. दोन अतिवाहकांच्या मधे पातळ विद्युतरोधक थर, म्हणजे जोसेफसन जोड. त्यातून प्रवाह वाहतो पण व्होल्टेज शून्य. मग अख्खं विद्युतमंडल त्या अवस्थेतून टनेलिंगने, म्हणजे अडथळा न ओलांडता त्याच्या आरपार जाऊन, निसटतं आणि व्होल्टेज दिसतं. टनेलिंगला ‘सुरंगन’ सुचवलंय.

सांगलीकर
अजिबात नको! सुरुंग म्हटलं की आपल्याकडे विहीर खणताना खडक फोडायला लावतात तो. हिंदीतली सुरंग म्हणजे आपला बोगदा. इथे तर अडथळा न फुटता पार व्हायचं आहे.

खडूफळा
पण संस्कृत ‘सुरुङ्गा’ भुयारच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे.

माळरान
सर, तो मुळात ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असं अभ्यासक मानतात. म्हणजे शुद्धतेच्या नावाने आपण ग्रीकच आणणार. त्यापेक्षा ‘टनेलिंग’ राहू द्या. खंडाळ्याचा बोगदा पाहिलेला माणूस ‘बोगदा’ म्हटलं की लगेच खोदकामच डोळ्यांपुढे आणेल.

खडूफळा
ग्रीक असो, दोन हजार वर्षं इथे नांदलाय. टनेलिंग अजून पाहुणाच.

सांगलीकर
भुयारात दारू ठासून तटबंदी उडवायचे, त्यावरून मराठीत ‘सुरुंग’चा अर्थ स्फोटाकडे गेला असावा असा माझा तर्क. बखरींत नुसत्या भुयाराच्या अर्थाने कोणी वाचलाय का?