मदत हवी आहे: चांगला दिवस गेला की मुलगा दुसऱ्या दिवशी सगळं उधळून लावतो

रात्रपाळी
नमस्कार. उत्तर जरा लवकर हवं आहे. शुक्रवारी आमची बैठक आहे आणि आमच्याकडच्या एका मुलाला दुसऱ्या संस्थेत हलवायचं का, ते तेव्हा ठरणार आहे. मी मुलांच्या निवासी संस्थेत काम करते. हा मुलगा आपणहून जवळ येतो, बोलतो, पण एखादा दिवस छान गेला की दुसऱ्या दिवशी हमखास काहीतरी मोडतो किंवा मला नको नको त्या शिव्या देतो. इतरांना नाही, फक्त मला. सहकारी म्हणतात, तूच त्याला डोक्यावर चढवून ठेवलंयस. मला त्याचा विश्वास मिळवायचा आहे. नेमकं काय करायचं ते सांगा. 'प्रेम द्या, वेळ द्या' हे कृपया लिहू नका, ते चालूच आहे.

मेघना_त
वय काय? तुमच्याकडे कधीपासून आहे? आधी कुठे होता? तुम्ही तिथे कोण, समुपदेशक की वॉर्डन? आणि मोडतो म्हणजे फक्त वस्तू, की स्वतःलाही इजा करतो? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

रात्रपाळी
स्वतःला इजा नाही. खुर्ची, काच, एकदा माझा मोबाइल. पंधरा वर्षांचा आहे. मी रात्रीची काळजीवाहक.

जुना_वॉर्डन
वसतिगृहं सांभाळण्यात माझा जन्म गेला, म्हणून ठामपणे सांगतो. आधी शिस्त, मग नातं. भिंतीवर गुणतक्ता लावा. वागणं चांगलं तर गुण, गुण साठले की सवलत, मोडतोड केली की गुण वजा. मुलाला आपण कुठे उभे आहोत ते रोज दिसतं. सगळ्यांना नियम एकच असला की लाडका-दोडका हा प्रश्नच उरत नाही.

शेवंती
जुना_वॉर्डन सर, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण मी असा तक्ता असलेल्या संस्थेत वाढले आहे. महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ज्याचे गुण शून्यावर येतात त्याला उरलेले दिवस गमावण्यासारखं काही उरतच नाही, मग तो काहीही करायला मोकळा. आणि भेटीचा दिवस गुणांवर टांगलेला असायचा. घरच्यांना भेटणं हे बक्षीस कसं असू शकतं?

ताई, माझा विश्वास कोणावर बसला ते सांगते. आमच्याकडच्या एक बाई खोलीत येताना दार वाजवायच्या आणि 'ये' म्हटल्यावरच आत यायच्या. बाकी सगळे धाडकन दार ढकलून यायचे, कपाट उघडायचे, गादी उलटी करायचे. या बाई झडती घ्यायची असली तरी आधी सांगायच्या, 'आज तुझं कपाट बघायचंय, तू समोर थांब.' मी त्यांच्याशी कित्येक महिने धड बोललेही नव्हते, पण दार कोण वाजवतंय ते आवाजावरून ओळखायचे.

जुना_वॉर्डन
भेटीवर गुण लावणं चूकच, ते मीही कधी केलं नाही. पण काच फोडली आणि काहीच झालं नाही असंही चालणार नाही. बाकीची मुलं बघत असतात.

शेवंती
काहीच होऊ नये असं मी म्हटलेलं नाही. काच फोडली तर ती बसवताना त्याने सोबत राबावं. पण त्या रात्री ठरलेला पत्त्यांचा डावही व्हावा. डाव काढून घेतला की त्याला कळतं की तुमची सोबतही गुणांसारखीच आहे, कधीही वजा होणारी.

विचारी_मन
मुळात मुलांना संस्थेत ठेवणंच चूक आहे. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 साली सुरू झालेल्या अभ्यासात अनाथालयातली काही लहान मुलं पालक-कुटुंबांत ठेवली आणि काही तिथेच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची वाढ चांगली झाली, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही कुटुंबालाच प्राधान्य आहे. सगळी बालगृहं टप्प्याटप्प्याने बंद व्हायला हवीत.

मेघना_त
मान्य, पण हा मुलगा पंधरा वर्षांचा आहे आणि बैठक शुक्रवारी आहे. वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

रात्रपाळी, माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं अजून यायची आहेत. याआधी किती ठिकाणं झाली?

रात्रपाळी
तीन तरी. एका कुटुंबातही ठेवला होता, तिथून परत पाठवला. कारण फाइलमध्ये एका ओळीत आहे, 'जुळवून घेत नाही'.

समुपदेशन_कट्टा
हे आधी लिहायला हवं होतं, सगळं यातच आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलेल्या आसक्तीच्या सिद्धांताचा गाभा असा की आपली माणसं गरजेला येतात की नाही, याचा मूल लहानपणापासून एक मनातला नकाशा बनवतं आणि पुढची नाती त्यावरून जोखतं. या मुलाच्या नकाशात जवळ आलेला माणूस शेवटी सोडून जातो. चांगला दिवस म्हणूनच त्याला धोक्याचा वाटतो. जायचंच असेल तर वाट बघत बसण्यापेक्षा आपणच आत्ता उधळून लावलेलं बरं, निदान वेळ तरी आपण ठरवली. शिव्या तुम्हालाच मिळतात, कारण गमावण्याची भीती वाटावी अशा तिथे तुम्हीच आहात.

त्यामुळे दोन गोष्टी. चांगल्या दिवसाच्या शेवटी कौतुकाचा वर्षाव नको. 'आज मजा आली, उद्या नेहमीच्या वेळेला येते,' इतकंच. आणि तोडफोडीनंतरच्या पाळीला तुमचं येणं, बोलणं, बसायची जागा तीच ठेवा. झाल्या प्रकाराबद्दल तो शांत झाल्यावर बोला, भर रागात नाही.

आता माझा प्रश्न. तुमची नेमणूक किती काळाची आहे?

रात्रपाळी
त्याचा इथे काय संबंध? करारावर आहे, तीन महिन्यांनी संपतो.

मेघना_त
त्याला माहीत आहे?

रात्रपाळी
मी सांगितलेलं नाही. पण परवाच विचारत होता, 'तुम्ही पण जाणार ना?' मी विषय बदलला. आत्ता कुठे बोलायला लागलाय, लगेच कसं सांगणार?

शेवंती
ताई, त्याला कुणकुण लागलेली आहे. संस्थेतल्या मुलांना कर्मचाऱ्यांचे करार, बदल्या, भांडणं सगळं आधी कळतं. विषय बदललात म्हणजे त्याला उत्तर मिळालंच. आम्ही एक दिवस उठलो आणि आमच्या त्या बाई नव्हत्या, 'त्या आता येणार नाहीत' एवढंच ऑफिसमधून कळलं. जाण्याचा राग मला कधी आला नाही, न सांगण्याचा अजून आहे.

जुना_वॉर्डन
याबाबतीत शेवंतीताईंशी शंभर टक्के सहमत. पण आधी वरिष्ठांना विचारा, करार वाढणार असेल तर उगाच पोराला घाबरवून ठेवाल.

नवीन_सदस्य_के
अवांतर: मला शनिवार-रविवारी अशा मुलांना शिकवायला जायचं आहे. कोणाशी बोलावं?

मेघना_त
के, जवळच्या संस्थेच्या अधीक्षकांना भेटा. वर्षभर नियमित जाता येणार असेल तरच हो म्हणा, का ते वरती वाचा.

रात्रपाळी, बैठकीत हे मांडा. आणखी एक हलवाहलव म्हणजे त्याच्या नकाशावर पुन्हा तेच. मोडतोड कोणत्या दिवसानंतर झाली त्याची नोंद पाळीच्या वहीतून काढून न्या. 'चांगल्या दिवसानंतर' हा क्रम कागदावर दिसला तर 'डोक्यावर चढवलंय' या म्हणण्याला उत्तर मिळेल. त्याचं मतही बैठकीत यायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या 12व्या कलमात तो हक्क आहे.

समुपदेशन_कट्टा
कराराचं सांगताना 'कदाचित' नको. 'माझं काम अमुक तारखेपर्यंत आहे, वाढेल का ते विचारलंय, कळलं की तुला त्याच दिवशी सांगेन.' पाळी संपताना नाही, सुरुवातीला सांगा, म्हणजे रात्रभर तुम्ही तिथे असाल. आणि 'कोणाला सांगू नका' म्हणून काही बोलायला लागला तर तसं वचन देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागेल, कोणाला ते आधी तुला सांगेन, इथपर्यंतच.

रात्रपाळी
कराराचं उद्या सकाळी अधीक्षकांना विचारते, त्याला उद्या रात्रीच सांगते. वहीतल्या तारखा काढायला बसले आहे. शेवंती, काच बसवायला माणूस गुरुवारी येणार आहे, तेव्हा याला सोबत ठेवा असं दिवसपाळीला सांगून ठेवते. बैठकीत काय झालं ते शुक्रवारी इथेच लिहीन.