एमजीबीला ओव्हरड्राइव्ह बसवायचाय, मदत हवी आहे

मंडळी, मी बर्मिंगहॅमला राहतो. माझी १९७१ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) साध्या चार गिअरची आहे. मोटरवेवर ताशी ७० मैलांना इंजिन ३९०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) नुसतं बोंबलतं. शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायचं तर ओरडावं लागतं. (तिची तक्रार नाही म्हणा!)

आता लेकॉक कंपनीचा एलएच प्रकारचा ओव्हरड्राइव्ह (गाडीचा वेग तोच ठेवून इंजिनचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा) असलेला जुना गिअरबॉक्स मिळतोय. ०.८२चा रेशो, म्हणजे आरपीएम ३२०० वर येईल. पण इंजिन-गिअरबॉक्स एकत्रच उतरवावं लागतं, ते दोनदा करायची हिंमत नाही. बसवण्याआधी सोलेनॉइड (ओव्हरड्राइव्ह चालू करणारा विद्युतचुंबक) आणि तेलाचा दाब टेबलावर कसा तपासायचा? प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) तोच चालेल का? आणि स्पीडोमीटर बदलावाच लागतो का? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया सांगा.