'एतान' या हिब्रू नावाचा खरा अर्थ कोणता?

प्रश्न (नामशोध): मुलासाठी 'एतान' हे हिब्रू नाव पक्कं होतंय. पण अर्थ एकीकडे 'बलवान', दुसरीकडे 'देवाने दिलेला', तिसरीकडे 'चिरंतन' असा दिलेला दिसतो. बरोबर कोणता? इंग्रजी 'ईथन' हेच का? पाटीवर हिब्रू अक्षरांत कोरायचंही आहे, तेव्हा स्पेलिंगसुद्धा सांगा.

धातुपाठ: 'देवाने दिलेला' आधी खोडा. ती 'नातान'शी झालेली गल्लत आहे. नातानचा धातू नून-ताव-नून (ही हिब्रू अक्षरांची नावं), म्हणजे देणे; योनातान त्यातूनच येतं. एतानचा धातू योद-ताव-नून. शेजारच्या फिनिशियन भाषेत नेमक्या याच तीन अक्षरांचा अर्थ 'देणे' होतो, त्यामुळे कोश चाळताना पाय घसरू शकतो. हिब्रूत तसं नाही.

'बलवान' चुकीचं नाही, पण अपुरं आहे. बायबलच्या आमोस या पुस्तकात (५:२४) न्याय पाण्यासारखा आणि नीतिमत्ता 'नहल एतान'सारखी वाहू दे, असं म्हटलंय. नहल म्हणजे ओढा. त्या मुलखातले बहुतेक ओढे पावसाळा सरला की कोरडे पडतात. जो उन्हाळ्यातही वाहतो तो एतान. मराठीत याला सरळ 'बारमाही' म्हणतात. बायबलच्याच निर्गम या पुस्तकात (१४:२७) दुभंगलेला समुद्र पहाटे 'आपल्या एतानावर' परत येतो, म्हणजे नेहमीच्या प्रवाहावर. जोर आहेच, पण तो न आटणाऱ्या पाण्याचा.

पानउलटा: इतकं एकतर्फी नको. बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातही (२१:४) 'नहल एतान' आहे आणि तिथे मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, त्याचा अर्थ 'कठीण' असा घेते. मध्ययुगीन ज्यू भाष्यकार राशी हाही त्याच बाजूला. मध्ययुगीन ज्यू पंडित मायमोनिडीस मात्र जोरात वाहणारा ओढा म्हणतो. म्हणजे वाद जुनाच. आजच्या हिब्रूत 'एतानेई हा-तेवा' म्हणजे निसर्गाच्या प्रचंड शक्ती, त्यामुळे हिब्रू बोलणाऱ्याच्या कानाला हे नाव आधी भक्कम, अढळ असंच लागतं.

बायबलमध्ये या नावाची व्यक्ती म्हणाल तर एतान एज्राही. राजा शलमोन ज्या ज्ञानी लोकांपेक्षा शहाणा होता, त्यांत याचं नाव आहे (१ राजे ४:३१, हिब्रू प्रतीत ५:११). स्तोत्र ८९ त्याच्या नावावर आहे. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात (बावा बात्रा १५अ) तो म्हणजे अब्राहामच, असंही एक मत येतं. 'एज्राही'चा संबंध 'मिज्राह', म्हणजे पूर्व, याच्याशी जोडून. कोटी म्हणून झकास, व्युत्पत्ती म्हणून नाही.

उजवीकडून_डावीकडे: पाटीचं सांगतो. अक्षरं चार: आलेफ, योद, ताव, शेवटचा नून. उजवीकडून सुरुवात. स्वरखुणा हव्या असतील तर आलेफखाली त्सेरे (दोन आडवे टिंब), तावखाली कामात्स.

चुका तीन ठिकाणी होतात. योद गाळला की तीच अक्षरं 'एत्तेन' (मी देईन) किंवा 'आत्तेन' (तुम्ही, स्त्रियांना) अशी वाचली जातात. पाटीवर स्वरखुणा सहसा नसतात, म्हणून योद हवाच. दुसरं, ताव ऐवजी तेत घातला जातो. आजचा उच्चार दोन्हींचा 'त'च, पण नाव राहत नाही. तिसरी चूक सर्वांत नेहमीची: डावीकडून लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं उलटी बसतात. हिब्रू येत नसलं तरी तपासता येतं. रेघेखाली लांब शेपूट सोडलेला नून अगदी डाव्या टोकाला दिसला पाहिजे. उजव्या टोकाला दिसला तर नमुना परत पाठवा.

धातुपाठ: 'ईथन'चं राहिलं. नाव तेच. स्वरानंतरचा ताव जुन्या उच्चारात जिभेचं टोक दातांना लावून घासत निघायचा. ग्रीक-लॅटिनमार्गे तो 'th' या स्पेलिंगने इंग्रजीत आला, स्वर मात्र इंग्रजीने 'ई' केला. आपला 'थ' म्हणजे तो ध्वनी नव्हे. आजच्या हिब्रूप्रमाणे 'एतान'च लिहा, आघात 'तान'वर.