'दाब', 'दबाव' की 'प्रेशर'? आणि ते 'बनत' नाही की 'टिकत' नाही?

हिंगणघाटहून :
आयटीआयच्या पोरांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर मराठीत टिपण करतोय. बॉक्सच्या बॉडीवर बारीक प्लग असतो, तो खोलून तिथं गेज लावायचं आणि इंजिन चालू ठेवून 'डी' (पुढं जायचा गिअर) आणि 'आर' (मागं घ्यायचा गिअर) यांत काटा कुठं जातो ते पाहायचं. याला 'द्रवदाब चाचणी' म्हटलं, तर पोरं तोंडाकडे पाहत बसली. 'ऑइलचा दबाव' म्हटलं तर कुणीच अडलं नाही, पण मलाच खटकतंय. 'लाइन प्रेशर'चं मोबाइलनं 'रेषेचा दाब' करून दिलंय, ते तर जाऊच द्या.

वर्ध्याहून, विज्ञान शिकवणारा :
'दबाव' काढाच. तो माणसावर येतो, पुढाऱ्याचा नाहीतर सावकाराचा. तेलाला, हवेला, रक्ताला 'दाब'. आपल्याकडे हिंदी कानावर सारखी पडते, त्यामुळे दबाव घुसतो. पास्कलचा नियम आठवा : कोंडलेल्या द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. त्याच जोरावर बॉक्समधले क्लच आवळले जातात. 'लाइन' म्हणजे इथं पंपानंतरची तेलाची मुख्य वाट, म्हणून 'मुख्य वाटेतला दाब'.

दारव्ह्याकडून, गॅरेजवाला :
गुरुजी, तुमचं बराबर हाय, पण "दाब पाय" म्हटलं का आमचं पोरगं ब्रेकच दाबते! गॅरेजमंदी 'प्रेशर'च. टायरमंदी तर तेबी नाही, तिथं नुसती 'हवा'. माह्या मतानं नाम कोणतंबी ठेवा, क्रियापद नीट लिहा. 'प्रेशर बनून नाही राहिलं' आन् 'प्रेशर टिकून नाही राहिलं' हे दोन येगळे रोग हायेत. सगळ्याच गिअरमंदी काटा खाली असन, त बनत नाही : तेल कमी, फिल्टर चोक, पंप घासला, नाहीतर प्रेशरचा व्हॉल्व्ह अडकला. एकाच गिअरमंदी काटा पडला आन् बाकी ठीक, त बनते पण टिकत नाही : त्या क्लचचं सील गेलं, तेल आतल्या आत गळते. एक गाडी आली होती, मालक म्हणे "बॉक्स गेला". गेज लावलं. 'डी'मंदी काटा जाग्यावर, 'आर'मंदी खाली. बहुतेक गाड्यायमंदी 'आर'चा आकडा उलट जास्त असते. सीलवर भागलं.

वर्ध्याहून :
हे पटलं. ट्रॅक्टरच्या लिफ्टलाही आपण असंच म्हणतो की : 'नांगर उचलत नाही' वेगळं आणि 'उचलून खाली बसते' वेगळं. पोरांना तिथूनच सांगा, ऑटोमॅटिक गाडी गावात एखादीच असते.

हिंगणघाटहून :
वा, लिफ्टपासूनच सुरुवात करतो. आता 'स्टॉल टेस्ट'?

दारव्ह्याकडून :
चाकाले दगड लावाचे, ब्रेक पुरा दाबाचा, गिअर टाकून रेस द्याची. गाडी थोपवून पाहाची, एवढंच. पण पाच सेकंदाच्या वर नाही, तेल उकळते.

हिंगणघाटहून :
'थोपवून तपासणी' लिहितो. बाकी सगळीकडे 'प्रेशर', फक्त पहिल्यांदा 'म्हणजे तेलाचा दाब' असं जोडून.

दारव्ह्याकडून :
आन् तेल गरम झाल्यावरच गेज लावा, हे लिवा. थंड तेल घट्ट असते, काटा उगाच चढते आन् पोरगं म्हणते, "झकास हाय."