चाकूसाठी चांदीचा मणी, स्केल्स, बोल्स्टर: पैसे नक्की कशाचे जातात आणि करून घेताना काय बघावं?

पोलादप्रेमी_दादर
संग्रहातल्या दोन चाकूंना हातघडणीचं चांदीकाम करून घ्यायचं आहे. एक व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिमीचा स्पार्टन, खिशातला घडीचा चाकू. दुसरा १०९५ या कार्बन पोलादाचा फिक्स्ड ब्लेड (न मिटणाऱ्या पात्याचा), शिसवी मुठीचा, चामड्याच्या म्यानातला. दोन्हींच्या दोरीला एकेक मणी, स्पार्टनला चांदीच्या स्केल्स (मुठीच्या दोन बाजूंच्या पट्ट्या) आणि फिक्स्ड ब्लेडला चांदीचं बोल्स्टर (मूठ आणि पातं यांच्या सांध्यावरचा धातूचा भाग) असा विचार आहे. परदेशी कारागिरांच्या मण्यांच्या किमती धातूच्या भावाच्या कितीतरी पट दिसतात. झवेरी बाजारात मात्र पहिला प्रश्न वजनाचाच येतो. हा फरक कशाचा? आणि यातलं काय करण्यासारखं आहे, काय नाही?

चंदेरी_गिरगाव
आधी मण्याचं गणित मांडू. १४ मिमी व्यास, १८ मिमी लांबी आणि ६ मिमीचं आरपार भोक असलेला भरीव मणी २.२६ घन सेंमी भरतो. ९२.५ टंचाच्या (शेकडा ९२.५ भाग शुद्ध) चांदीची घनता १०.३६, म्हणजे वजन साधारण २३.४ ग्रॅम. हिशेबासाठी शुद्ध चांदी किलोला २ लाख धरा: २३.४ × ०.९२५ × २०० = ४,३२९ रुपये. ही झाली धातूची किंमत, आणि ती कुणाकडेही गेलात तरी तेवढीच.

पुढे सगळी घडणावळ. कास्टिंगच्या मण्याला मेणाचा नमुना कोरायचा किंवा रेझिनमध्ये प्रिंट काढायचा, प्लास्टरच्या साच्यात मेण जाळायचं, ओतायचं, धातू आत जायच्या वाटेत राहिलेली दांडी कापायची, कानस मारायची, जिलई द्यायची. नमुन्याचा खर्च एका नगाला जितका, तितकाच वीस नगांना. एकच मणी करायचा तर तो सगळा तुमच्या एकट्याच्या डोक्यावर येतो. चार-पाच जणांनी मिळून एकाच नमुन्यावरून काढले तर वाटून जातो. छिन्नीनं हाती कोरलेल्या मण्याला ही सोय नाही, प्रत्येक नगाला तेवढेच तास बसतात. परदेशी किमतीत मुख्यतः हे तास आणि कारागिराच्या ठशाचं नाव असतं. ते पैसे वाया जातात असं मला मुळीच वाटत नाही. छिन्नीची धारदार, चकाकती रेघ ओतीव नक्षीत येत नाही, ओतकामात कडा बोथट होतात. मणी भिंगाखाली धरला की लगेच कळतं.

बाजारात बोलणं वजनावर होतं, कारण रोजचं काम पैंजण-जोडव्यांचं असतं. तुम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: चांदी किती टंचाच्या भावानं लावणार, घट (कामात वाया जाणारी चांदी) किती धरणार, मजुरी ग्रॅमवर की नगावर. कापलेली दांडी आणि कानशीची भुकटी कुणाची, तेही आधी ठरवा. तयार वस्तू विकत घेतली तर घडणावळीसह सगळ्या रकमेवर ३ टक्के जीएसटी. चांदी तुम्ही दिलीत तर नोंदणीकृत कारागीर फक्त मजुरीवर जीएसटी लावतो, दर आधी विचारून घ्या.

कानस_आणि_छिन्नी
स्पार्टनसाठी २३ ग्रॅमचा मणी करू नका. तो चाकूच अवघा ६० ग्रॅमच्या आसपास आहे. व्हिक्टोरिनॉक्सचा छोटा ५८ मिमीचा क्लासिक २१ ग्रॅमचा, म्हणजे तुमचा मणी एका अख्ख्या चाकूहून जड. खिशात तो मुठीवर आपटत राहील. ११ मिमी व्यास, १२ मिमी लांबी आणि ६ मिमी भोक असा काढा. भरतो ८.३ ग्रॅम, धातू वरच्याच भावानं १,५३५ रुपयांच्या आसपास. मोठा मणी फिक्स्ड ब्लेडला शोभेल.

भोक ६ मिमीच का? ५५० पॅराकॉर्ड (नायलॉनची दोरी) साधारण ४ मिमी जाड, आणि दोन पदर दाबून ६ मिमीतून निघतात. गाभ्याचे धागे काढून टाकले तर ५ मिमीतही निघतात. ओतीव वस्तू थोडी आकसते, त्यामुळे नमुन्यात भोक ६.३ मिमी ठेवायला सांगा आणि शेवटी ड्रिलनं साफ करून घ्या. भोकाच्या दोन्ही कडा अर्धा मिमी तरी गोल करायला लावा. बाहेरून आरसा आणि आतून कच्ची कड, हा नेहमीचा दोष. दोरी नेमकी तिथेच कातरते.

स्केल्सबद्दल स्पष्ट सांगतो: भरीव चांदीच्या करू नका. १.२ मिमी जाडीची एक बाजूसुद्धा २५ ग्रॅमच्या घरात जाते. दोन्ही मिळून चाकूचं वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि एवढ्या पातळ पत्र्यात चिमटा आणि टूथपिकचे खाचे बसवायला जागाच उरत नाही. लाकडाच्या किंवा मायकार्टाच्या (राळेत दाबलेल्या कापडाच्या) स्केल्स करून त्यांत ०.८ मिमी पत्र्याचं नक्षीचं पदक बसवा. ५ चौ. सेंमीचं पदक ४ ग्रॅमचं होतं. पाठ १२० नंबरच्या कागदानं खरवडायची, अॅसिटोननं पुसायची, इपॉक्सी लावायची आणि बेताचंच दाबायचं. शिकंजा फार आवळला तर गोंद सगळा बाहेर येतो आणि पत्रा सुटतो. मूळ स्केल्स जपून ठेवा, पुढे चाकू विकताना त्यांना किंमत असते.

बोल्स्टरचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. सोनाराकडे चाकू दिलात तर तो सवयीनं टाकणखार लावून डाख द्यायला, म्हणजे झाळून जोडायला, बसेल. चांदीचा पक्का डाख ७०० अंशांच्या आसपास वितळतो, आणि तुमच्या पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, २०० अंशांच्या आसपास तापवून ठरवलेलं आहे. बोल्स्टरच्या जागी लाल झालेलं पातं पुन्हा पाणी दिल्याशिवाय कामाचं राहत नाही. म्हणून बोल्स्टर वेगळं घडवून घ्यायचं, ते पात्यावर इपॉक्सी आणि दोन-तीन मिमीच्या चांदीच्या पिनांनी बसवायचं. पिना आधी तापवून मऊ करून घ्या, म्हणजे हातोडीखाली नीट पसरतात.

इपॉक्सीचा थर सलग हवा, आणि त्याचं कारण फक्त चिकटणं नाही. चांदी आणि साधं कार्बन पोलाद एकमेकांना टेकलेले असताना मध्ये दमट हवा शिरली की गंज पोलादालाच चढतो, आणि तो नेमका बोल्स्टरखाली, जिथे दिसत नाही तिथे.

पोलादप्रेमी_दादर
खूप आभार. मग खिशाची क्लिप चांदीची करतात ती कशी टिकते? आणि कारागिराला दाखवायला चाकू सोबत न्यावा का?

कानस_आणि_छिन्नी
चांदीची क्लिप टिकत नाही. ९२.५ चांदीला स्प्रिंग म्हणावी अशी नसतेच, दोन-चार आठवड्यांत तोंड उघडतं. चांगले कारागीर क्लिप टायटॅनियमची ठेवतात आणि वर चांदीचा पत्रा चढवतात. आट्यांचंही तेच: स्क्रूचे आटे पोलादी लायनरमध्ये (स्केलखालच्या पत्र्यात) ठेवा. चांदीतला एम२ (२ मिमीचा) आटा तीन-चारदा उघडझाप केली की घसरतो.

चाकू नेऊ नका. मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्र बाळगण्यावर वेळोवेळी मनाई आदेश निघत असतात, आणि मेट्रोत तपासणी असते. व्हर्नियरनं मापं घ्या, एकास एक चित्र कागदावर छापा, सुटी स्केल आणि दोरीचा तुकडा न्या. बोल्स्टरसाठी पात्याच्या जाडीची पितळी पट्टी कापून न्या. कारागीर बरेचदा बंगालचे असतात, तोंडी वर्णनापेक्षा चित्रावर काम सरळ होतं.

टंच_बघा_आधी
शुद्धतेबद्दल. "जर्मन सिल्व्हर" म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात चांदी अजिबात नसते. जुन्या-नव्या घडीच्या चाकूंवरची पांढरी बोल्स्टर्स बहुतेक त्याचीच असतात आणि त्या कामाला ते चांगलंही आहे. फक्त चांदीच्या भावात घेऊ नका. "ऑक्सिडाइज्ड" नावानं विकला जाणारा मालही पुष्कळदा तोच असतो.

नुसता ९२५ चा ठसा कुणीही मारू शकतो. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा अंक आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांक) असेल तर बीआयएस केअर अॅपमध्ये पडताळता येतो. चांदीला एचयूआयडी १ सप्टेंबर २०२५ पासून आला, तोही ऐच्छिक. त्याआधीच्या मालावर तो नसेल.

घरची तपासणी: ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर मणी तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि मणी दोऱ्यानं पाण्यात लोंबकळता धरा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका, भोकातला बुडबुडा झटकून काढा. काट्यावर जो आकडा येईल ते त्याचं घनफळ. २३.४ ग्रॅमच्या मण्याला २.२६ च्या आसपास यायला हवं. २.७५ आलं तर घनता ८.५, म्हणजे मुलामा दिलेलं पितळ. पोकळ मण्यात पाणी शिरत नसेल तर ही पद्धत चालत नाही.

बाजारातलं टंच काढायचं एक्स-रे मशीन फक्त वरचा थर वाचतं. आतल्या बाजूला कानशीची एक रेघ मारून तिथे वाचायला सांगा. डाखाच्या सांध्यावर टंच कमी दिसणारच, कारण डाखात चांदी कमी असते. ती फसवणूक समजू नका. जिलईनंतर जांभळट-करडा डाग दिसला तर तो तापवताना आत गेलेला तांब्याचा ऑक्साइड आहे. वस्तू ताब्यात घ्यायच्या आधी उजेडात फिरवून बघा आणि घासून काढायला लावा.

चंदेरी_गिरगाव
निगेबद्दल थोडं, कारण पावसाळा तोंडावर आहे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांपासून लांब ठेवा. झिप पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवलेली बरी. तुमचा फिक्स्ड ब्लेड म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, पात्याला गंज चढतो आणि बोल्स्टर काळं पडतं. म्यान वेगळं, चाकू तेलाचा हात फिरवून वेगळा.

अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा उपाय साध्या चांदीवर छान चालतो. पण नक्षीच्या खाचांत मुद्दाम दिलेला काळा रंगही तो घेऊन जातो, आणि मग कोरीवकाम सपाट, अनोळखी दिसतं. तो काळेपणा गंधकाच्याच द्रावणानं आणलेला असतो. अशा मण्याला फक्त रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि उंचवट्यांवर कोरडं कापड. टूथपेस्ट नको, ती कोरलेल्या कडा झिजवते.

माझं मत विचाराल तर काळा रंग द्याच. हाताळून उंचवटे उजळतात आणि खोलगट भाग काळे राहतात. वापरानं चांगलं दिसत जाणारं दुसरं काही चाकूवर फारसं नसतं. जुनी वस्तू हाती आली तर तिला जिलई देऊ नका, संग्राहक त्या थराचेच पैसे मोजतात.