भाकड बैलांचा आजन्म सांभाळ: गोशाळेने दार कधी बंद करावं?

कडबाकुट्टी (धागाकर्ता)
मार्च २०१५ पासून राज्यात गाईंबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. कत्तलीला नेताना पकडलेल्या गाड्यांतली जनावरं गोशाळेत उतरतात आणि बरीचशी तिथेच म्हातारी होतात. माझं मत: वैरण पुरेल तेवढीच घ्या, पुढच्या गाडीला सरळ नाही म्हणा.

४०० किलोच्या बैलाला रोज साधारण ५ किलो कुट्टी (बारीक चिरलेला कडबा), १५ किलो हिरवा चारा, किलोभर पेंड-भुसा आणि ३० ग्रॅम खनिज मिश्रण लागतं. औत सुटल्यावर तो ६-७ वर्षं सहज काढतो, म्हणजे एका बैलामागे जवळपास १२ टन कडबा. गाडी उतरवताना फोटो निघतात, हा हिशेब निघत नाही.

माळरान
साफ असहमत. ती जनावरं खटल्यातला मुद्देमाल असतात. पोलीस ठाण्यात ना दावण ना गव्हाण. तुम्ही नाही म्हटलं तर ती बांधायची कुठे?

आणि गर्दी फक्त गाडीतून येत नाही, आतही वाढते. गाई आणि खच्ची न केलेले गोऱ्हे एकाच आवारात सोडले की दरवर्षी वासरं होणारच. खच्चीकरणाचा चिमटा मारला म्हणून गोऱ्ह्याला लगेच कळपात सोडू नका; पुढचे सहा आठवडे त्याच्याकडून गाय गाभण राहू शकते. आधी हे बंद करा, मग फाटक.

कडबाकुट्टी
गोऱ्ह्यांचं मान्य. पण दर जनावरामागे छपराखाली ४० आणि मोकळी ८० चौरस फूट जागा लागते. त्याच आवारात दुप्पट कोंबली की शेणामुताच्या चिखलात खुरं सडतात, दांडगी जनावरं गव्हाण अडवतात आणि म्हातारं बैल मागे उपाशी राहतं. याला सांभाळ म्हणायचं?

वैरणकाडी
पैशांबद्दल थोडं. २०२४ मध्ये गोशाळांना रोज ५० रुपयांचं अनुदान जाहीर झालं, पण ते देशी गाईमागे. धागा चाललाय बैलाचा.
कडबा रब्बीची ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्येच भरावा आणि काट्यावर घ्यावा. शेकड्यावर घेतला तर पेंढी दरवर्षी बारीक होत जाते (शेकडा मात्र शेकडाच!).

खुरपट्टी
दोघंही संख्येवर अडलात. म्हाताऱ्या बैलाचा घात बहुतेक वेळा दातांमुळे होतो. गव्हाणीपाशी अर्धवट चघळलेले ओले बोळे पडलेले दिसले की दाढा झिजल्या समजा. त्याला अख्खा कडबा घालणं म्हणजे उपाशी ठेवणं. दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करा आणि मिठाच्या पाण्यात तासभर भिजवून द्या. भुकटी करू नका, रवंथ मंदावतो.

एक शिंग कलायला लागलं, बुडाशी मऊ लागलं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त आलं आणि बैल सारखं डोकं झटकू लागला, तर शिंगाचा कर्करोग असू शकतो. लवकर दाखवलं तर शिंग बुडापासून काढून बैल वाचतो. आवारात दोनशे जनावरं आणि गडी दोन असतील तर हे बघणार कोण? म्हणून माझं मत कडबाकुट्टींच्या बाजूने, फक्त मोजायचे ते गडी.

माळरान
गड्यांचं पटलं. पण बसका, उठताच न येणारा बैल घ्या. वीतभर वाळूचा थर, दर चार तासांनी कूस बदलणं, छातीवर टेकून बसवणं (आडवा पडून राहिला की पोट फुगतं). एवढं करून महिना गेला आणि चट्ट्यांत अळ्या पडल्या, तरी तुम्ही ‘आजन्म’च म्हणणार?

खुरपट्टी
नाही म्हणणार. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १३ मध्ये यातनेतल्या जनावराला दयामरण देऊन मुक्त करायची तरतूद आहे. गोशाळा ती वापरायला बिचकतात, कारण गावात ‘बैल मारला’ अशी बोंब होते.

वैरणकाडी
बोंब होणारच. देणगी देणाऱ्याला ते इंजेक्शन चालत नाही आणि कडबा त्याच्याच पैशाने येतो. हे पाप कुणाच्या माथी मारू नका.

कडबाकुट्टी
मग निदान पशुवैद्यकाचा लेखी दाखला, फोटो आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर वहीत ठेवा. आणि माळरान, खटल्यातली गाडी आलीच तर ती २१ दिवस वेगळ्या कुंपणात. लाळ्या-खुरकूत आणि गोचीड घेऊन आलेली जनावरं थेट कळपात सोडू नका, एवढं तरी मान्य?

माळरान
हे मान्य. फाटकाचं नाही.