बाळंतिणीच्या खोलीतला धूर आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या: थांबवायचं की चालू द्यायचं?

वारणाकाठची

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. परवा माळ्यावरची ट्रंक उतरवली. लेकीच्याच वेळची दुपटी, लंगोट, कुंची, माझ्या आईने शिवलेली गोधडी, सगळं तीस वर्षं जपून ठेवलेलं. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. जाऊबाई म्हणाल्या, झटकून एक दिवस उन्हात टाकू. लेक मात्र डॉक्टरांना विचारून आली: या कपड्यांत बाळाला गुंडाळायचं नाही.

मला आधी राग आला. मग डॉक्टरांनी तिला सांगितलेलं कारण ऐकलं आणि दोन रात्री झोप लागली नाही. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थॅलीन. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच जी६पीडी नावाचं एक एन्झाइम कमी असतं. अशा बाळाच्या अंगात नॅफ्थॅलीन गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ झपाट्याने वाढते आणि ती मेंदूपर्यंत पोचू शकते. मुलग्यांना हा दोष आईकडून येतो आणि त्यांच्यातच तो जास्त दिसतो. बाळात तो आहे की नाही हे आपल्याला आधी माहीत नसतं. त्यात आपण बाळाला तेलाने चोळतो, आणि तेल लावलेल्या कातडीतून नॅफ्थॅलीन अधिक सहज आत जातं. म्हणजे मालिश करून, वासाच्या दुपट्यात घट्ट बांधून, आपल्याच हाताने.

त्यानंतर त्या खोलीत आणखी काय काय असतं ते मोजायला लागले. संध्याकाळी ऊद-ओव्याची धुरी. रात्री कॉइल. देवापुढची उदबत्ती. सकाळी फरशीला फिनेल. मलेशिया आणि चीनमधल्या कॉइलींवरचा २००३ सालचा एक अभ्यास आहे. एक कॉइल जळून संपेपर्यंत जे बारीक कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. सिगारेट ओढणाऱ्या पाहुण्याला आपण बाळाजवळ उभं करणार नाही, आणि कॉइल पाळण्याखाली ठेवतो.

माझं मत स्पष्ट आहे. पहिले तीन महिने त्या खोलीत काहीही जळणार नाही, गोळ्यांचा कपडा येणार नाही, वासाचं काही फवारलं जाणार नाही. घरात यावरून वाद पेटला आहे. तुमच्याकडे काय केलंत?

जुना_वाडा

ताई, तुमची काळजी समजते, पण धुरीला त्यात ओढू नका. आमच्या आईने सात बाळंतपणं काढली, प्रत्येक वेळी शेक-शेगडी आणि धुरी होती. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं. त्या उबेने बाळ शांत झोपायचं, बाळंतिणीची कंबर मोकळी व्हायची. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे. कारखान्यात बनलेली कॉइल आणि घरातला ओवा एकाच यादीत टाकणं मला अन्यायाचं वाटतं. रसायनं काढा, जरूर काढा. त्यांच्या जागी कडुनिंबाचा पाला जाळा, कापूर ठेवा.

वैनगंगा

काका, मी आरोग्यसेविका आहे, वीस वर्षं गडचिरोली जिल्ह्यात काम करते. शेकाच्या उबेबद्दल तुमचं बरोबर आहे, बाळाला ऊब लागतेच. पण बाजेखालच्या कोळशाच्या शेगडीची मला फार भीती वाटते. थंडीत दार-खिडकी लावून निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. आई थकून झोपलेली असते, तिला उठताच येत नाही. तुमच्या आईच्या घराला कौलं होती ना? धूर कौलांच्या फटीतून वर निघून जायचा. आताच्या स्लॅबच्या खोलीत तो जातो कुठे?

कापराचंही तसंच. कापूर झाडाचा असो की कारखान्यातला, लहान मुलाने तोंडात टाकला तर झटके येतात. दिसायला खडीसाखरेसारखा. देव्हाऱ्यातून उचलून खाल्लेली पोरं मी पाहिली आहेत. पाला जाळला तरी फुप्फुसात जातो तो धूरच. तो कडुनिंबाचा आहे हे फुप्फुसाला कळत नाही.

ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून अंथरूण आधी ऊबदार करा आणि बाळ ठेवण्याआधी पिशवी काढा. सगळ्यात चांगली ऊब आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून मिळते.

खाडीकडची_खोली

मी हे सगळं वाचतोय आणि मला त्रास होतोय. आमची खोली दहा बाय बाराची, माणसं सहा, एकच खिडकी, ती नाल्याकडे. संध्याकाळी सातला दार उघडं राहिलं तर मच्छरांचा ढग आत येतो. गेल्या पावसाळ्यात बायकोला पाचव्या महिन्यात मलेरिया झाला. तापाने फणफणली होती, रक्त इतकं कमी झालं की बाटल्या चढवाव्या लागल्या. बाळ वाचलं, पण वजन दोन किलोच्या आत भरलं. त्या दिवसापासून आमच्याकडे कॉइल रोज लागते.

ताई, तुम्ही कॉइलच्या धुराचा हिशोब मांडलात, मच्छर चावल्याचा मांडला नाहीत. ज्याच्या खिडकीला जाळी आहे, ज्याच्याकडे बाळंतिणीला वेगळी खोली आहे, त्याला 'काहीही जळणार नाही' म्हणणं परवडतं. आमच्यासाठी तो धूर म्हणजे औषध आहे.

मोजपात्र

खाडीकडच्या दादांशी मी सहमत आहे, आणि वारणाकाठच्या ताईंशी माझा एक मूलभूत मतभेद आहे. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. 'रसायन म्हणजे विष' अशी मोळी बांधली की खरं धोकादायक काय ते त्यात हरवतं. कॉइलमधलं कीटकनाशक पायरेथ्रॉइड जातीचं असतं. मूळचं शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून मिळालेलं द्रव्य, त्याची ही कारखान्यात घडवलेली भावंडं. कॉइलमध्ये ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतं. मासे आणि मांजरं त्याला फार नाजूक, माणसाचं शरीर त्याचं लवकर विघटन करतं. राहिलेली नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त कॉइल म्हणजे लाकडाचा भुसा, करवंटीची पूड, डिंक आणि रंग. घात तो भुसा करतो, कारण तो सात-आठ तास धुमसत राहतो. वीज असेल तर द्रवाचं मशीन त्यापेक्षा बरं, त्यात काही जळत नाही. तरी बंद खोलीत ती वाफ रात्रभर श्वासात जातेच, म्हणून खिडकी थोडी उघडी हवी आणि मशीन पाळण्यापासून दूर.

मला भीती वाटते ती संडासातल्या बाटल्यांची. संडास घासायच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर कोणी ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करायचं द्रावण ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या एका मावशींच्या बाबतीत हे घडलं. 'डाग निघत नाहीत' म्हणून मालकिणीने दोन्ही एकदम टाकायला सांगितलं होतं. दार बंद, एक्झॉस्ट बंद. मावशी खोकत खोकत जिन्यात येऊन बसल्या, ओठ निळे पडले होते. चार दिवस इस्पितळात काढले. घरातली विषं कमी करायची चर्चा आपण बाळापासून सुरू करतो, पण ती बाटली रोज ज्यांच्या हातात असते त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग एका कपाटात ठेवू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर यातलं काहीच भरू नका.

वारणाकाठची

मोजपात्र सर, मावशींबद्दलचं मनाला लागलं. आमच्याकडे येणाऱ्या ताईंना मी हातमोजे आणून दिले होते, पण बाटल्या एकाच फळीवर आहेत. आज वेगळ्या करते. पण 'अर्ध्या टक्क्याहून कमी' म्हणून कॉइल माफ होत नाही. तुम्हीच म्हणता घात धूर करतो, मग बाळाच्या दृष्टीने फरक काय पडला?

खाडीकडच्या भाऊ, तुमचं वाचून मी थोडी थबकले. मलेरियाचा हिशोब मी मांडला नव्हता हे खरं आहे. आमच्या खिडक्यांना जाळी आहे, त्यामुळे तो विचारच मनात आला नाही. तरी मला विचारायचं आहे: दोन किलोच्या आतल्या बाळाची फुप्फुसं आधीच कच्ची असतात. त्याच दहा बाय बारात रात्रभर कॉइल, हे तुम्हाला चालतं का?

खाडीकडची_खोली

चालत नाही. पोरगं खोकतं तेव्हा मी उठून दार उघडतो, मग मच्छर येतात, मग पुन्हा बंद करतो. पर्याय सांगा. मच्छरदाणी आणली होती. चार खुंट्या ठोकायला भिंत नाही, एका बाजूला कपाट, एका बाजूला मोरी. आणि मुळात नाला साफ करायचं काम माझं आहे का?

वैनगंगा

दादा, नाल्याचं काम तुमचं नाही. पण नाल्याबद्दल एक गोष्ट सांगते, ती प्रशिक्षणात आम्हाला पुन्हा पुन्हा शिकवतात. नाल्याच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स जातीचा डास. संध्याकाळचा ढग बहुतेक त्याचाच. तो झोप मोडतो, हत्तीरोगाच्या भागात तो रोगही पसरवतो, पण मलेरिया आणि डेंगी देत नाही. शहरातला मलेरियाचा डास, ॲनोफिलीस स्टिफेन्सी, आणि डेंगीचा एडिस, दोघांनाही साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. गच्चीवरची टाकी, बांधकामावरचा हौद, मोरीतलं पिंप. तुमच्याकडे पाणी थोडाच वेळ येत असेल, तर पिंपं भरून ठेवावी लागत असणार. बायकोचा मलेरिया नाल्यातून आला नसावा, गच्चीतल्या उघड्या टाकीतून आला असावा.

आणखी एक. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. रात्रभर जळणाऱ्या कॉइलचा डेंगीला उपयोग फार थोडा. मलेरियाचा डास रात्रीचा, तिथे तुमची भीती खरी आहे.

राज्यात मलेरिया फार जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी आमचा एक. सरकार आम्हाला औषध भिनवलेल्या मच्छरदाण्या देतं. मोजपात्र सर, ते औषधही पायरेथ्रॉइडच. पण ते धाग्याला धरून असतं, डास जाळीवर बसला की मरतो. जळत काहीच नाही. म्हणून मी गरोदर बाईला 'रसायन टाळ' असं सांगत नाही. 'धूर टाळ, दाणीत झोप' असं सांगते.

जुना_वाडा

औषधाची मच्छरदाणी चालते आणि ओव्याची धुरी चालत नाही, हे मला अजून पचत नाही. मात्र कौलांचा मुद्दा मी नाकारत नाही. आमच्या आताच्या फ्लॅटमध्ये नातवाला धुरी दिली तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत डोळे झोंबत होते, आणि सून काही न बोलता बाळ घेऊन गॅलरीत गेली होती. तेव्हा मला ती हट्टी वाटली होती.

मोजपात्र

वैनगंगा ताई, तुमच्या दोन वाक्यांत माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा जास्त आहे. पदार्थ कोणता यापेक्षा तो शरीरात कुठून जातो हे आधी बघायचं, हे मी वर्गात शिकवत आलो आणि इथे मात्र टक्केवारीवर अडून बसलो.

एक भर घालतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे डास मारायच्या प्रत्येक वस्तूवर नोंदणी क्रमांक आणि टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण रंगीत: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. बाजारात सुट्या मच्छर अगरबत्त्या मिळतात, ज्यावर यातलं काहीच नसतं. त्यात काय घातलंय ते कोणालाच माहीत नाही. जाळी नाही, खुंटी नाही, म्हणून काही जाळावंच लागलं तरी ती अगरबत्ती घरात आणू नका.

खाडीकडची_खोली

काल रविवारी गच्चीवर गेलो. चार टाक्या, दोनची झाकणं गायब, एकीवर प्लायवूडचा तुकडा. पाण्यात वळवळत होतं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, पुढच्या मीटिंगला बघू. मी फोटो काढून वॉर्ड ऑफिसात देणार आहे. आमची तीन पिंपं आज रिकामी करून घासली.

कॉइल मी सोडलेली नाही, स्पष्ट सांगतो. संध्याकाळी सात ते नऊ दार उघडं ठेवून लावतो, बायको आणि बाळ तेवढा वेळ शेजारच्या वहिनींकडे. नऊला विझवतो. छत्रीसारखी उघडणारी बाळाची मच्छरदाणी मिळते, तिला खुंटी लागत नाही, ती बाळावर. आम्ही बाकीचे पंख्याखाली. पण टाकीला झाकण बसेपर्यंत मला शांत झोप लागणार नाही.

वैनगंगा

पिंपं घासलीत हे फार बरं केलं, नुसती रिकामी करून भागत नाही. एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या कोरड्या बाजूला महिनोन्‌महिने चिकटून राहतात, पाणी आलं की फुटतात. आठवड्यातून एक ठरलेला कोरडा दिवस ठेवा. आणि बायकोला पुन्हा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

वारणाकाठची

ट्रंकेचं कळवते. दुपटी तीनदा धुतली, चार दिवस कडक उन्हात टाकली. माझ्या नाकाला आता वास येत नाही, पण तीस वर्षं त्या वासात राहिलेल्या नाकावर माझा भरवसा नाही. बाळासाठी जुनी सुती धोतरं फाडून नवी दुपटी केली. आईची गोधडी तेवढी राहिली. ती बाळाखाली घालायची नाही असं ठरलं. लेकीच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आहे, खोलीच्या बाहेर, सोप्यात. ट्रंकेतल्या उरलेल्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात घातल्या. युरोपीय संघात २००८ पासून त्या विकताच येत नाहीत हे लेकीने दाखवलं, इथे मात्र किराणा दुकानात पुडीत बांधून मिळतात, पेपरमिंटच्या बरणीशेजारी.

जाऊबाईंशी अजून जुळलेलं नाही. त्यांचं म्हणणं, धुरीशिवाय बाळाच्या टाळूतलं पाणी जिरत नाही. मी ओवा तव्यावर कोरडा भाजून पुरचुंडीत बांधून दिला, म्हटलं याने बाळंतिणीची कंबर शेका, धूर नको. आज त्यांनी ती पुरचुंडी हातात घेतली, वास घेतला, आणि काही न बोलता उशाशी ठेवली.